पाण्याआधी आलेली बातमी

शालिकदह चरावर मोमिरनचं घर जमुनेनं कितीदा गिळलं, ते तीही विसरली होती. चर म्हणजे नदीनं स्वतःच टाकलेल्या गाळाचं बेट. आज दिलं, उद्या काढून घेतलं. घर जायची वेळ आली, की ती आणि तिचा नवरा अक्कास तागाच्या काड्यांच्या भिंती सोडवायचे, होडीत घालायचे आणि जिथं जमीन शिल्लक असेल तिथं पुन्हा उभ्या करायचे. अक्कास चरावरच्या बड्या जमीनदाराची, मुन्शींची, होडी वल्हवायचा. मोमिरन त्याच मुन्शींच्या अंगणात भात उकडायची, वाळवायची, कांडायची. संध्याकाळी पदरात कणी घेऊन घरी यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मुलगी शेफाली शाळेत जायला लागली होती, तरी आपली म्हणावी अशी एकही नोट मोमिरनच्या हाती आली नव्हती. त्याचं तिला वाईट वाटत नसे. पैसा पुरुषांच्या खिशात असतो आणि मुन्शींच्या पेटीत असतो, यापलीकडं तिनं कधी विचारच केला नव्हता.

बायकांना कर्ज देणाऱ्या समितीत तिला ओढलं ते सुरजोबाननं. सुरजोबान पलीकडं, किनाऱ्यावरच्या उंच बांधावर राहायची, विधवा होती आणि तोंडानं फटकळ होती.

"जमीन गहाण नको, सोनं नको," ती म्हणाली. "पाच जणी लागतात. एकीनं बुडवलं तर बाकीच्या चौघींना पुढचं कर्ज नाही. म्हणून सांगते, तू ये. तू बुडवणाऱ्यातली नाहीस."

"मला बुडवायला तरी कुठं येतं," मोमिरन म्हणाली. "मला काहीच येत नाही."

"सही येईल. मी चुलीतल्या राखेवर गिरवून शिकले."

मोमिरनही राखेवरच शिकली. समितीचे मोतालेब सर सायकल हातात धरून बांधावरून आले, पत्र्याच्या छपराखाली पाची जणी चटईवर बसल्या आणि तिनं आपलं नाव कागदावर उमटवलं. अक्कास बाहेर उभा होता. नोटा आपल्याला द्यायला सर बाहेर येतील म्हणून त्यानं हात पुसूनही घेतले होते. पण सरांनी नोटा मोमिरनच्या तळहातावर ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काही गहाण न मागता तिच्यावर विश्वास ठेवला होता. पदराच्या गाठीत नोटा बांधून ती घरी निघाली तेव्हा वाटेत कुणाशी बोलली नाही. बोललं तर हे सगळं उडून जाईल, असं तिला वाटत होतं.

त्या पैशाचं तिनं भात घेतलं, उकडलं, कांडलं आणि तांदूळ आठवडी हाटात विकला. कणी आता तिच्याच घरात उरू लागली. दर आठवड्याला हप्ता द्यायचा. कधी एखादीला जमायचं नाही, मग बाकीच्या तिला शिव्याही द्यायच्या आणि तिचा हप्ताही भरायच्या. पहिलं कर्ज फिटलं, दुसरं मिळालं, मग गाय आली, मग छपरावर पत्रा आला. अक्काससाठी जुनी का होईना, स्वतःची होडी आली. मुन्शी हाटात सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "अक्कास, होडी तुझी, पण सुकाणू बायकोच्या हातात, नाही का?"

"असू दे, मुन्शीसाहेब," अक्कास म्हणायचा. "पूर्वी ते तुमच्या हातात होतं, तेव्हा तरी कुठं किनाऱ्याला लागलो?"

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस मोतालेब सर वेगळंच काही घेऊन आले. या वेळचं कर्ज गायीसाठी नव्हतं, भातासाठी नव्हतं. मोबाइल फोनसाठी होतं. चरावर एकही फोन नव्हता. लोकांनी पैसे देऊन बोलायचं, त्यातून मोमिरननं हप्ता फेडायचा.

रात्री जेवताना अक्कासनं विषय काढला. "शेफालीची आई, गाय आजारी पडली तर दिसतं तरी. खात नाही, रवंथ करत नाही. हे आजारी पडलं तर कळणार कसं आणि दाखवणार कुणाला?"

"सर म्हणाले, शहरात तीन दिवस शिकवतात."

"आणि परक्या पुरुषांचे आवाज आपल्या घरात येणार?"

मोमिरननं त्याच्या पानात आणखी भात वाढला. "आवाजच ना? आवाज काय जेवायला बसणार आहे?"

ती शहरात गेली. तिथं नदीकाठच्या गावागावांतून आलेल्या बायका होत्या. तिच्या शेजारी बसली ती लालबानू, नदीच्या वरच्या अंगाला चिलमारीकडची, दातांना मिशेरी लावलेली, सतत हसणारी. दोघींनी एकाच पुडीतले चुरमुरे खाल्ले, एकमेकींचे नंबर पाठ केले आणि आपापल्या वाटेनं गेल्या. पुन्हा भेट होईल, असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

अक्कासनं उंच बांबूवर अँटेना चढवला. पहिल्या दिवशी आली ती चरावरची म्हातारी रईसन खाला. तिचा मुलगा मलेशियात मजुरीला गेला होता आणि त्याचं शेवटचं पत्र येऊन दोन ईद उलटल्या होत्या. नंबर तेवढा त्या पत्रात होता. मोमिरननं तो जपून दाबला. पलीकडं बराच वेळ घंटा वाजली आणि मग माणसाचा आवाज आला. रईसन खालानं डोक्यावर पदर ओढला आणि नदीपलीकडच्याला हाक मारावी तशी ओरडली, "हारुन, काय खाल्लंस रे?"

"आई, हळू बोल," आवाज म्हणाला. "मी इथंच आहे."

म्हातारीनं फोन कानाशी घट्ट धरला. मग इतक्या हळू बोलायला लागली, की मोमिरनला ऐकू येईना, आणि ऐकू नयेच म्हणून ती चुलीकडं गेली. परत आली तेव्हा बोलणं संपलं होतं. खाला फोन गालाला लावून तशीच बसली होती.

"गरम लागतोय," ती म्हणाली. "त्याचा आहे का गं हा उबारा?"

मोमिरनला खरं ठाऊक होतं. शहरात सांगितलं होतं, बॅटरी तापते. पण समुद्रापलीकडचा माणूस आईच्या कानात कुजबुजू शकत असेल, तर त्याची ऊब येत नसेल असं छातीठोक सांगणारी ती कोण? "असेल, खाला," ती म्हणाली.

पुढं सगळा चर तिच्या ओसरीवर यायला लागला. मुन्शींची बायकोसुद्धा आली. जिच्या अंगणात मोमिरन उभ्यानं पाणी प्यायची, ती तिच्या वेताच्या मोड्यावर बसून ढाक्याच्या मुलीशी बोलली आणि उठताना म्हणाली, "तुझं घर स्वच्छ आहे गं." मोमिरनला त्या दिवशी काही सुचेना.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी लालबानूचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"मोमिरन आपा, ऐक. आमच्या शाळेची पायरी बुडाली. सकाळी पाणी तिच्याखाली होतं. असं चढताना मी कधी पाहिलं नाही. इथून ते तुझ्याकडंच येणार."

मोमिरननं बाहेर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. नदी संथ होती, माशा मारत पडलेल्या म्हशीसारखी. ती घरोघर सांगत सुटली. लोक वर बघायचे आणि हसायचे. मुन्शी आपल्या भाताच्या कणगीला टेकून बसले होते.

"समिती आता पूरही हप्त्यानं देणार का?" ते म्हणाले.

सुरजोबान मात्र हसली नाही. तिनं उरलेल्या तिघींना बोलावलं. "हे खोटं निघालं तर आपलं हसू होईल. खरं निघालं आणि बसून राहिलो तर गायी जातील, भात जाईल, पाची जणींचे हप्ते बुडतील. हसू परवडतं. उतरवा पत्रे."

चरावरच्या चौघींच्या घरांचे पत्रे उतरले. अक्कासनं होडी काढली. गायी, भात, चुली, कोंबड्यांच्या पाट्या बांधावर गेल्या. ते पाहून रईसन खाला निघाली, मग तिचे शेजारी, मग आणखी काही. खूप जण राहिले. दुसऱ्या दिवशी लालबानूनं पुन्हा फोन केला, "शाळेच्या खिडक्यांना लागलं." तेव्हा आणखी निघाले.

मोमिरन बांधावर बसली होती. अचानक तिच्या मनात आलं, की पाणी काही इथं थांबायचं नाही. शहरात भेटलेली आणखी एक बाई तिला आठवली, तहुरा, खाली आरिचा घाटाजवळची. तिनं तिला फोन लावला आणि लालबानूनं सांगितलं होतं तसंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. आवाज नाही, वारा नाही. लख्ख उन्हात चराच्या कडा विरघळल्या आणि नदी गवतातून चालत गावात शिरली. मोमिरन बघत राहिली. भीती वाटायला हवी होती, पण आधी तिला दुसरंच काही वाटलं. एवढी मोठी नदी, जी कुणाला विचारत नाही, तिच्या पुढं एका बाईचा आवाज धावत आला होता.

अक्कास परत परत होडी घेऊन गेला. मुन्शींना आणि त्यांच्या कुटुंबाला त्यानंच आणलं. कणगी वाहून गेली होती. मुन्शी बांधावर उतरले, मोमिरनसमोर आले आणि खाली बसले. तिनं त्यांना चुरमुरे दिले. त्या चरावरचं एकही माणूस दगावलं नाही.

रोज सकाळी लोक तिच्याभोवती जमायचे. "लालबानू काय म्हणते?" जिला कुणी पाहिलं नव्हतं, तिचं नाव लहानथोरांच्या तोंडी झालं. आणि मग लालबानूचा फोन बंद झाला. मोमिरन लावायची, काही वाजायचं नाही. रईसन खालानं तिच्यासाठी दुआ मागितली, मुन्शींनीही हात उचलले.

आठवडाभरानं फोन वाजला. "बॅटरी संपली होती," लालबानू म्हणाली. "तराफ्यावरून बाजारात येऊन भरली. घर गेलं आपा. पण फोन पूर्ण वेळ डोक्यावर होता."

पाणी ओसरल्यावर अक्कासनं कुणी न सांगता लालबानूकडं जायला होडी तयार केली. सुरजोबाननं सगळ्या चरावर फिरून जमवाजमव केली. कुणी बांबू दिले, कुणी भात, रईसन खालानं स्वतः शिवलेली गोधडी दिली, मुन्शींनी चार पत्रे आणून ठेवले, तेही नवे. प्रवाहाविरुद्ध जायचं म्हणून अक्कासनं भाड्यानं इंजिन बसवलं.

लालबानू काठावर उभी होती, चिखलानं भरलेली, आणि हसत होती. दोघींनी एकमेकींना मिठी मारली, मग होडीतलं सामान बघून ती रडली. संध्याकाळी नव्या भिंतींशेजारी बसल्यावर मोमिरन म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर आम्ही गेलो असतो."

"मी कसली सांगते," लालबानू म्हणाली. "मला वरून फयजुन सांगायची. सीमेकडं राहते ती. तिच्याकडं पाणी माझ्या आधी येतं. तिच्यामुळं तर आम्ही पोरांना वेळेत शाळेच्या गच्चीवर नेलं."

"फयजुन कोण?"

"मी पाहिलेलं नाही तिला. तीही कर्जाचा फोन चालवते. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला तिला."

मोमिरन नदी जिकडून येत होती तिकडं बघायला लागली. तिला आजवर वाटत होतं, गोष्ट दोघींचीच आहे.

"तू खाली कुणाला सांगितलंस?" लालबानूनं विचारलं.

"तहुराला. आरिचाच्या. तिनं पुढं कुणाला सांगितलं, ते मला ठाऊक नाही."

नदी समोरून खाली चालली होती, तपकिरी, रुंद, पैलतीर न दिसणारी. वरून कुठून तरी आली होती आणि समुद्रापर्यंत जाणार होती. दोघी तिच्याकडं बघत बसल्या, आणि तिच्या काठाकाठानं, ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती अशा किती बायकांनी एकमेकींना हाका दिल्या असतील, याचा हिशेब त्यांना लागेना.