मेहुण्यांनी आणलेला कायदा

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने मला फसवलं. आंब्याच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. वरचा थर देखणा लावून पेटी खपवणाऱ्यांना मी भर बाजारात पेटी पालथी करायला लावली आहे. हातगाडीपासून सुरुवात करून मिरजोळ्याला स्वतःचा रसाचा कारखाना उभा केला, आणि एवढ्या वर्षांत मला टोपी घातली ती एकाच माणसाने, ज्याला जन्मात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव करता आला नाही.

मेहुणे तरुणपणी बोटीवर खलाशी होते. बोट सोडून ते स्वित्झर्लंडला कसे पोचले याच्या दोन-तीन गोष्टी ते सांगत, पण त्या एकमेकींशी जुळत नसत. एवढं खरं, की आल्प्सच्या डोंगरात, मूठभर घरांच्या एका शेतकरी गावात, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे ते गडी म्हणून राहिले आणि अर्धं आयुष्य तिथेच गेलं. परक्या मुलखात भाषेवाचून अडतं म्हणून त्यांनी म्हाताऱ्यांकडून जिद्दीने भाषा शिकून घेतली. मग खालच्या शहरात बाजाराला गेले, तर त्यांचं बोलणं कुणालाच कळेना. ती रोमान्श भाषा होती. एके काळी सगळं गाव ती बोलायचं. आता गाव जर्मन बोलत होतं आणि जुनी भाषा त्या दोघांपुरती उरली होती. "तिसरा मी झालो," असं मेहुणे एखादी जहागीर मिळाल्यासारखं सांगत. म्हातारा-म्हातारी गेल्यावर ते रत्नागिरीला परतले, तेव्हा ती भाषा बोलायला त्यांना फक्त त्यांनी इथे पाळलेली गाय राहिली. गाय ऐकायचीसुद्धा. माझी बायको तिला मराठीत हाका मारून दमली, की मेहुणे दोन शब्द पुटपुटत आणि गाय निमूट गोठ्यात शिरे.

एका वर्षी त्यांनी चीज करायचा घाट घातला. तिथे म्हणे ते तळघरात महिनोन्‌महिने मुरवतात. आपल्या आषाढातल्या हवेत ते कसं मुरलं, ते साऱ्या वाडीने नाकाने अनुभवलं. शेजारचे मास्तर दारात येऊन म्हणाले, "काय हो, माळ्यावर उंदीरबिंदीर मेला काय?" मेहुण्यांनी त्यांना प्रेमाने एक फोड खायला दिली. मास्तर त्यानंतर त्यांची पायरी चढले नाहीत. गवताचंही तेच. अख्ख्या गावाने एकाच दिवशी गवत कापायचं ही तिकडची रीत, म्हणून हे मुंबईच्या चाकरमान्यांना फोन करीत, "गवत उभं आहे, या." गणपतीची रजा संपवून गेलेला माणूस गवतासाठी कशाला येतोय? शेवटी हे एकटेच विळा घेऊन आपल्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळमाळावर, जात आणि गवताच्या उडव्या अशा रचत की जाणारे येणारे गाड्या थांबवून फोटो काढत.

पण सगळ्यांत मोठं वेड त्या गावच्या कायद्याचं. बर्फाच्या दिवसांत स्वतःच्या गवतावर जेवढी गुरं जगवाल, तेवढीच उन्हाळ्यात गावच्या सामायिक कुरणावर न्यायची. पैसेवाले असा, बाजारातून उंची गाई आणा, कुरण तुमचं नाही. मेहुणे हा कायदा कुठेही लावत. एका लग्नात पहिल्या पंगतीत बसलेल्या वरमामाला त्यांनी विचारलं, "सकाळपासून पाण्याची एक तरी बादली उचललीत?" आणि त्याला उठवलं. ते सोयरे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वर मेहुण्यांचा हा कातळाचा सडा होता. लहानपणी मी तिथे लोकांचं गवत काढलं आहे, भारे डोक्यावरून उतरवले आहेत. तेव्हापासून मनात होतं, इथे आपलं घर बांधायचं, समुद्राकडे तोंड करून. मी भाव सांगितला. मेहुणे म्हणाले, "बरं." समोरचा घासाघीस करीत नाही म्हटल्यावर मी बावचळलो आणि माझा मीच भाव वाढवला. तेव्हाही "बरं." मग त्यांनी हात पुढे केला. "आमच्या गावात हात दिला की झालं, भावोजी. वर कागद मागणाऱ्याला चोर समजतात." मी जन्मात पहिल्यांदा कागदावाचून व्यवहार केला. घराचा नकाशा काढून घेतला, चिऱ्यांची गाडी ठरवली.

खरेदीखत करायच्या आधी एकदा ते आल्प्समधलं गाव बघून येतो, असं ते म्हणाले. तिकीट मीच काढून दिलं.

परत आले ते आमच्याकडे जेवायला. जेवताना बहिणीने फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "गोठे गेले गो. शहरातल्या लोकांनी त्यांत सुट्टीच्या खोल्या केल्या. मोठमोठ्या काचा लावल्यात आणि आतून पडदे ओढलेले. कुरणावर शेळीसुद्धा नाही."

"आणि तुमचा तो कायदा?" मी विचारलं.

"गावसभेत सगळ्यांनी हात वर करून मोडला."

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो. मेहुणे ओसरीवर बसले होते.

"भावोजी, यंदा वैशाखात गुरं किती जगवलीत?"

"माझ्याकडे गुरं कुठली, दादा? माझा कारखाना आहे."

"शेजारच्या भागीरथीकाकीने तीन गाई जगवल्या. स्वतः राखलेल्या गवतावर."

"मग?"

"मग सडा तिच्या गुरांचा. वाडीतल्या सगळ्यांच्या गुरांचा. तुमचा नाही."

मी ओरडलो. सगळी वाडी कुंपणाशी जमेपर्यंत ओरडलो. "हात दिला होतात तुम्ही."

"दिला होता. मोडला. मला चोर म्हणा."

"म्हणणारच."

"म्हणा. पण चहा घेऊन जा."

मला नुसता हात देऊन भागवणाऱ्या या माणसाने वाडीला मात्र गुरचरणीसाठी पक्का कागद करून दिला. बायकोकडे तक्रार केली तर म्हणाली, "दादा तसाच आहे." जणू तो पाऊस किंवा भरती-ओहोटी.

गेल्या श्रावणात मेहुणे गेले. तोवर मी रोज त्यांच्याकडे जाऊन भांडत होतो आणि रोज चहा पिऊन येत होतो. आता संध्याकाळी पाय आपोआप सड्यावर वळतात. जिथे माझी ओसरी यायची तिथे काकीची गाय रवंथ करीत बसलेली असते. काकी म्हणते, "बसा हो, जागा मोप आहे." जागा मोप आहे, हे मला सांगते.

गेलेल्या माणसाशी घासाघीस होत नाही. म्हणून माझं भांडण आता त्या गावाशी आहे. कायदा तुमचा होता. तुम्ही तो मोडलात, गोठे विकलेत, आणि तुमच्यातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. मग त्याचं वाईट वाटून घ्यायला आमच्याच घरचा माणूस कसा सापडला? तुम्ही निदान एक कुरण राखलं असतंत, तर तो हसत परत आला असता, माझं घर उभं राहिलं असतं, आणि त्याच्या अखेरच्या दिवसांत आम्ही दोघं त्या ओसरीवर भांडणाशिवाय बसलो असतो. याचा जबाब तुमच्यापैकी कुणीतरी मला दिलाच पाहिजे.