अस्वलाच्या गालावरची तीट

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही. एका अस्वलाच्या गालावर शिवलेली काळी तीट मी ब्लेडने उसवली, उसवली हे कोणाला सांगितलं नाही, आणि त्यातून माझ्या मामेसासऱ्यांचा दप्तरांचा कारखाना बंद पडला. चूक आपलीच होती असं ते समजून राहिले. मी त्यांना तसं समजू दिलं.

मामेसासरे म्हणजे बायकोचे सख्खे मामा. माणसाला तोंडावरून तर कोणीही ओळखतं. पाठीवरून ओळखणारा माणूस सबंध मुंबईत तेवढा एकच होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. चिंचपोकळीला स्टेशनापासून पाच मिनिटांवर त्यांचा गाळा होता. तीन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि बावीस वर्षं तिथे शिवणाऱ्या शेवंताबाई. दप्तर घ्यायला कोणी आलं की मामा त्याच्या आईवडिलांकडे ढुंकूनही बघत नसत. मुलाला म्हणत, "पाठ दाखव." मूल बिचकत वळे, मामा त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत वीत लावत, मग पट्टे दोन बोटं वर घ्यायचे की खाली ते शेवंताबाईंना ओरडून सांगत. मूल बरोबर नसेल तर दप्तर मिळत नसे. एका बाईंनी सांगून पाहिलं की मुलगा गावाला गेलाय, अंदाजाने द्या. मामा म्हणाले, "बाई, चष्मा अंदाजानं घेता काय?" माझ्या लग्नात सगळे माझा पगार आणि नोकरी विचारत होते, तेव्हा हे गृहस्थ माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते. जेवणाच्या पंगतीत त्यांनी सासऱ्यांना निकाल सांगितला, "मुलगा बरा आहे. पण उजवा खांदा खाली आहे. ओझं एकाच बाजूनं उचलतो, आणि कोणाला सांगत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

नव्या मापाचं दप्तर तयार झालं की त्यात चौथीची सगळी पुस्तकं, वह्या, डबा, भरलेली पाण्याची बाटली घालून मामा ते स्वतःच्या पाठीवर चढवत आणि लालबागपर्यंत चालून परत येत. डोक्याला टक्कल, अंगात लेंगा-सदरा आणि पाठीवर गुलाबी दप्तर. वाटेतले मसालेवाले हटकून विचारत, "मामा, कितवीत?" मामा न थांबता सांगत, "चौथीत. औंदा पण नापास." परत आल्यावर काखेत जिथे काचलं असेल तिथे खडूने खूण करून ते दप्तर शेवंताबाईंकडे फेकत.

आणि तीट. लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचा ठिपका लावतात, तो मामांनी बाळांपुरता ठेवला नव्हता. नवी मशीन आली, तिला तीट. शेजाऱ्यांचा फ्रीज आला, त्याला तीट. आमच्या नव्या टीव्हीच्या कोपऱ्यात ते गुपचूप ठिपका लावून गेले, आणि पडद्यात बिघाड झाला म्हणून आम्ही मेकॅनिक बोलावला. त्याने ओलं फडकं फिरवलं आणि माझ्याकडे फार वेळ बघितलं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दप्तरावर काळ्या दोऱ्याचे चार टाके असत, ते मात्र शेवंताबाईंना घालायची परवानगी नव्हती. ते मामा स्वतः हाताने घालत. "मशीन काय तीट लावील? आईचा हात लागतो तिला," असं त्यांचं म्हणणं, आणि आई हा शब्द स्वतःकडे बोट दाखवून म्हणायला त्यांना काही वाटत नसे.

दप्तरांवर चित्र असे ते मामांनीच काढलेल्या हत्तीचं, तेही पाठमोरं. हत्तीचं तोंड कुठाय, असं मुलं विचारत. "दप्तर पाठीला असतंय ना? मागून येणाऱ्याला हत्तीची पाठच दिसणार," असा मामांचा खुलासा. तीट शेपटीच्या उजव्या बाजूला. अशा हत्तीवर एक पिढी शाळेत गेली, माझी मुलगीही गेली. नंतरच्या मुलांना मात्र टीव्हीवरची ओळखीची चित्रं हवी होती. दादरच्या ज्या दुकानदाराकडे मामांचा निम्मा माल जायचा, त्याने एका वर्षी हत्ती परत पाठवले. सोबत निरोप, की मामा, शिलाई तुमचीच चांगली, पण पोरं रडतात.

ओळखीचं चित्र छापायचं तर त्याच्या मालक कंपनीचा परवाना लागतो, आणि तो परवाना इतकी वर्षं मोठ्या कारखान्यांनाच मिळायचा. हजारोंनी नग काढायची हमी द्या, वकील आणा, त्यांच्या ऑफिसात बैठका करा. चिंचपोकळीच्या गाळ्याला कोणी दारातही उभं केलं नसतं. आजूबाजूचे लोक चोरून छापायचे. मामांनी कधी छापलं नाही. "दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून कसं मिरवायचं?" म्हणायचे. अशा वेळी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला ते संकेतस्थळ दाखवलं. भाजीबाजारात टोपल्या मांडाव्यात तशा तिथे देशोदेशींच्या कंपन्यांनी आपली चित्रं आणि नावं मांडली होती. लहान कारखानदारानेही अर्ज भरावा, काहीशे नगांपुरता परवाना मागावा, नमुन्यापुरतं चित्र तिथूनच घेऊन एक नग शिवावा आणि त्याचा फोटो पाठवावा. मंजूर झालं की बाकीच्या नगांवर छापायचं चित्र आणि नंबर घातलेली चकचकीत स्टिकरं घरपोच, आणि माल तिथेच विकायलाही जागा. मला ते खरोखर आवडलं. अजूनही आवडतं. मामांसारख्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी पुढच्या दारातून आत घेत होतं.

मामांनी पिवळ्या मफलरचं एक परदेशी अस्वल निवडलं, कारण त्याचे खांदे सारखे होते. अर्ज माझ्या नावाने, माझ्या फोनवरून भरायचा ठरलं. मी विमा कंपनीत आहे. दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात माझी हयात गेली. मामा निर्धास्त होते.

नमुन्याचं दप्तर शेवंताबाईंनी शिवलं. मामांनी अस्वलाच्या उजव्या गालावर चार टाके घातले आणि दप्तर माझ्या हातात दिलं. "परक्या देशातून आलाय बिचारा," म्हणाले, "आपल्याकडं कोणाकोणाची नजर पडंल."

घरी येऊन मी फोटो काढायला बसलो. अर्जात एक प्रश्न होता: मूळ चित्रात काही बदल केला आहे का? असल्यास कारण लिहा. लिहायला चांगली मोठी चौकट दिली होती. मी पाच-सहा वेळा सुरुवात केली. कुठल्या तरी परदेशी साहेबाला इंग्रजीतून दृष्ट म्हणजे काय, काजळ म्हणजे काय, आमचे मामा अस्वलाला आपलं मूल समजतात हे सांगायचं, या कल्पनेने मला लाज वाटली. कारण तेवढंच. मी दाढीचं ब्लेड घेतलं, चार टाके काढले, फोटो घेतला आणि "नाही" वर खूण केली. मामांना सवडीने सांगू, की या खेपेला तीट नको.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. मामांनी आमच्या सगळ्या इमारतीत पेढे वाटले. "बघितलंत, त्यांना आपली तीट चालली," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी पेढा खात होतो. त्यानंतर मी दोनदा गाळ्यावर गेलो तेव्हा साडेतीनशे दप्तरांचा ढीग होता आणि प्रत्येक अस्वलाच्या गालावर ठिपका होता. माझ्या समोर मामा सुई घेऊन बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर. मी चहा प्यालो आणि घरी आलो. एवढासा ठिपका कोणाला दिसतोय, असं स्वतःशी म्हणालो.

तो दिसला. त्याच बाजारातून दप्तर घेतलेल्या कोणीतरी फोटोसकट अभिप्राय टाकला: अस्वलाच्या तोंडावर डाग आहे, माल खराब. कंपनीचा संदेश मला आला. मंजूर नमुन्यात हा ठिपका नव्हता. तीन दिवसांत खुलासा करा. खरं सांगायची ती दुसरी संधी होती. मी लिहिलं, शिलाई कारागिराच्या हातून अनवधानाने चूक झाली.

"काय लिहिलंत?" मामांनी विचारलं.

"तीट म्हणजे काय ते समजावून सांगितलं."

"नीट सांगितलंत ना? दृष्टीचं?"

"हो."

"मग झालं," मामा म्हणाले. "कळंल त्यांना. त्यांच्याकडं पण पोरं असतील."

परवाना रद्द झाला. उरलेला माल विकायचा नाही, चित्रासकट कापून टाकायचा आणि कापल्याचा व्हिडिओ पाठवायचा. मामांनी एका दप्तरावरची तीट उसवून बघितली, गालावर बोट फिरवलं आणि ते बाजूला ठेवलं. "भोक ऱ्हातंय. रेक्झिन भरून येत नाय," म्हणाले. मग शेवंताबाईंना हाक मारली, "कातर खंय गेली गो?"

दुपारभर ते कापत होते आणि मी फोन धरून उभा होतो. प्रत्येक दप्तर ते आतून उलटं करून घेत, मग कात्री चालवत. पुढून कापलं तर लवकर होईल असं मी म्हणालो. "तोंडावर कातर नको," एवढंच म्हणाले. शेवंताबाई पट्टे वेगळे करून एका बाजूला रचत होत्या. मधेच माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "जावयबापू, फोनात बरा दिसतासा ना? नायतर परत कापूक लावतीत." त्यांना काही कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. शेवटचं दप्तर कापून झाल्यावर मामा उठले, हात झटकले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी माझी माफी मागितली. "अर्ज तुमच्या नावानं होता," म्हणाले. "माझ्या खोडीपायी तुमचं नाव खराब झालं." मी "असू दे मामा" म्हणालो. आयुष्यात मी उच्चारलेले सर्वांत नीच तीन शब्द असतील तर हे.

शाळा उघडायच्या हंगामात मामांकडे विकायला काही नव्हतं, आणि दादरच्या दुकानदाराने दुसरा कारखाना धरला. गाळा गेला, मशिनी गेल्या, शेवंताबाई शिवडीला एका गोदामात पोती शिवायला जाऊ लागल्या. मामा अँटॉप हिलला मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले.

तिथे त्यांच्या नातीचं बारसं झालं. पाळणा झाला, नाव ठेवलं, आणि काजळाची डबी फिरत फिरत मामांपुढे आली. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, तीट तुमचीच." मामांनी डबी घेतली नाही. "माझ्या हातची नको," म्हणाले. "माझ्या हातची तीट बाधते. विचारा जावयाना." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तीट मग शेजारच्या बाईंनी लावली.

त्या दिवशी घरी येऊन मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडलं. का, ते सांगता येत नाही. पिवळ्या मफलरच्या अस्वलाखाली आता बऱ्याच लहान कारखानदारांचा माल होता. त्यात एका बाईंच्या कापडी पिशव्या होत्या, आणि त्यांच्या अस्वलाच्या कपाळावर लाल टिळा होता. खाली लिहिलं होतं: मालक कंपनीच्या परवानगीने केलेला बदल. त्या बाईंनी त्याच चौकटीत चार ओळी लिहिल्या असणार. बाकी काही नाही. चार ओळी.

नमुन्याचं दप्तर मी टाकलेलं नव्हतं. कपाटात कोटांच्या मागे होतं. रविवारी सकाळी ते घेऊन मी अँटॉप हिलला गेलो. मामा गॅलरीत स्टुलावर बसले होते. खालच्या मैदानात मुलं खेळत होती आणि मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी दप्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी नेहमीसारखे आधी पट्टे ओढून बघितले, मग चेन, आणि मग त्यांचा अंगठा अस्वलाच्या उजव्या गालावर जाऊन थांबला. बराच वेळ तिथेच फिरत राहिला.

"हा नमुना," ते म्हणाले.

"हो."

"हितं तीट होती. मी लावलेली."

त्यांनी अस्वलाचा गाल उजेडाकडे धरून बघितला.

"शेवंतानं काढली नाय. ती दोरा ओढून काढते. ही ब्लेडनं काढलीय." त्यांनी दप्तर बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वर बघितलं. गाळा गेल्यापासून न उच्चारलेले शब्द ते हळूच म्हणाले. "पाठ दाखवा."

पन्नाशीच्या वर वय झालेला मी, त्या गॅलरीत वळून उभा राहिलो. मागे स्टूल सरकलं, मामा उठले. त्यांची वीत माझ्या मानेखाली टेकली, डाव्या खांद्यावर गेली, मग उजव्या. उजव्या खांद्यावर ती थांबली. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच मला बोलता आलं.

"मामा, तीट मी काढली. अर्जात बदल नाही असं मी लिहिलं. साडेतीनशे दप्तरांना तुम्ही टाके घालत होता तेव्हा मी समोर बसून चहा प्यालो. कंपनीला मी दृष्टीचं काही सांगितलं नाही, तुमच्या हातून चूक झाली असं लिहिलं. तुम्ही माझी माफी मागितलीत तेव्हाही गप्प बसलो. तुमच्या हातची तीट कोणाला बाधली नाही. मी बाधलो. माझं चुकलं, मामा. मला माफ करा, आणि आत पोरगी जागी झाली असेल, तिला तुमच्या हातची तीट लावा."