थांबलं न्हाय, थांबतंय

"थांबलो नाही वहिनी, थांबतोय, बाजूला व्हा."

शेजारच्या खोलीतले सर रोज सायकलवरून असंच ओरडत यायचे. सायकलीला ब्रेक न्हाय. मग पार नळापासनं दोन्ही पाय जमिनीला घासत यायचे, खर्रर्र करत, आणि बरोबर आमच्या पायरीशी उभे. चपलांच्या टाचा पार गेलेल्या. शाळेत शिकवायचे विज्ञान आणि सायकल ही अशी. तुमी बघितलं असतं तर तुमीबी हसला असता.

आमची चाळ नारपोलीत, खाली मागांचा कारखाना, वर आमी. मी वळ गावची, चौथीतच शाळा सुटली, लग्न करून इथं आले आणि पहिल्या दिवसापासून त्या कारखान्याला भ्यायले. आमचे हे तिथंच लूमवर. एक मोठी मोटर, छताला लांब लोखंडी दांडा फिरतोय, दांड्यावरून एकेका मागाला पट्टा. आणि माझी पोर तीन वर्षांची, पायाला भिंगरी. दिवसभर माझा जीव मुठीत.

सर गॅलरीत मॅट्रिकच्या पोरांची शिकवणी घ्यायचे, मी बाजूला रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायचे. ऋण त्वरण म्हणजे काय विचारलं की पोरं एका सुरात, "उलटं जाणं." सर कपाळाला हात लावायचे, कपाळभर खडू. मग माझ्याकडं वळायचे. "वहिनी, रहाट जोरात फिरवा आणि हात सोडा."

मी सोडायचे.

"उलटा फिरला का? पुढंच चाललाय. फक्त दर सेकंदाला वेग कमी होतोय. हेच ते ऋण त्वरण." चाक पुरतं उभं राहीपर्यंत कुणाला बोलू द्यायचे न्हाईत. त्यात माझ्या सुताचा गुंता व्हायचा तो वेगळाच. मी म्हणायचे, सर, पोरं पास होतील पण माझ्या कांड्या नापास. ते आपले हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, वहिनी, हात सोडा.

आता ऐका. लाईट गेली की खाली सगळे डबे सोडायचे, आणि माझी पोर बापाच्या डब्यातला घास खायला पळायची. एरवी मी तिला जिन्याकडं फिरकू देत नव्हते, पण तेवढ्या वेळी सोडायचे. लाईट न्हाय म्हणजे सगळं बंद, अशीच माझी समज. सगळ्यांचीच होती.

एका रविवारी दुपारी शिकवणी चालू आणि लाईट गेली. सरांनी रहाटाकडं बघितलं, मग विचारलं, पोर कुठं हाय. मी म्हटलं, गेली खाली, आताच लाईट गेली न्हवं.

सर उठले ते जिन्यावर. त्यांना पळताना मी कधी बघितलं नव्हतं. मागनं मी, पदर कुठं, पाय कुठं. दारातनं बघते तर पोर पट्ट्याकडं हात नेतेय, आणि पट्टा अजून सरकतोय. सरांनी तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं.

आमचे हे डब्याचं झाकण हातात घेऊन हसले. "अवो सर, लाईट गेलीय. बंदच हाय ते."

"थांबलं नाही," सर म्हणाले. "थांबतंय."

आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातला पट्टा उभा राहिला. ह्यांनी डबा खाली ठेवला. रोज लाईट गेली की हेच पहिले हात घालायचे, तुटलेलं सूत काढायला. सरांनी मूठ उघडली तर खडूचा भुगा झालेला.

तेव्हापासून कारखान्यात रीतच पडली, सात मोजून पट्टा उभा राहिलेला बघितल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय.

पुढं सरांना दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी मिळाली. टेम्पोत सायकल चढवताना मी म्हटलं, आता तरी ब्रेक बसवा. म्हणाले, बघू.

आताबी लाईट जाते. माझी पोर दारात दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहते आणि मोजते. मी हाक मारली तर मलाच दटावते, "थांबलं न्हाय आई, थांबतंय."

सात झाले की सगळं गप होतं. आणि माझा कान नळाकडं जातो, खर्रर्र ऐकायला.