गोळीबरोबरचं पाणी

दारात मागायला आलेल्या माणसाला मोठीमायनं ‘न्हाई’ म्हटलेलं मी एकदाच ऐकलं. बाकी सगळा जन्म तिचा ‘हाय की, ने की’ म्हणण्यात गेला. वस्तीत कुणाचं विरजण संपलं, कुणाच्या घरी अवेळी पाहुणा आला, कुणाला लेकीकडे जायचं आणि अंगावर धड पातळ नाही, की पावलं तिच्या ओट्याकडे वळायची. ती म्हणायची, “ज्या दारातून माणूस रिकामा जातो ते दार न्हाई, भिंत हाय.” ही माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव सोजरबाई. मोठेबाबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आमच्या घराला लागूनच तिचं घर. आम्हा भावंडांची ती मोठीमाय, आणि पुढे अख्ख्या वस्तीचीच.

तिच्या देण्याला कायदा होता. हातउसनं नेलं की परत आणायचंच, पण ती मागणार नाही. वाटीभर पीठ नेलं तर परत येताना वाटीवर शीग यायची, कारण सपाट वाटी परत करणारी बाई वस्तीत हलकी ठरायची. ही रीत मला लहानपणापासून पाठ होती आणि मला तिचा अभिमानही होता. माझ्या बी.एस्सी.च्या परीक्षेला मी नेसलेली साडीसुद्धा अशीच आलेली होती. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण ते सोपं नव्हतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बीपीचं कळलं ते समाजमंदिरातल्या तपासणी शिबिरात. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधून फुगवला, पुन्हा फुगवला, मग मला बाजूला बोलावलं. मोठीमाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “एवढं आवळलं तर कुणाचं बी वाढंल.” बायका हसल्या. उपकेंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी एक, न चुकता, बरं वाटलं तरी. यातलं शेवटचं तिला कधीच पटलं नाही. “डोकं दुखत न्हाई, अंग दुखत न्हाई. मंग ही गोळी पोटात जाऊन कुणाला इचारंल, कुठं दुखून राह्यलं म्हणून?”

मी जालन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना रक्ताभिसरण एका तासात कळतं. मोठीमायपुढे मी कित्येक रविवार घालवले. बदनापूर स्टेशनवर उतरून रिक्षानं गावात यायचं, तिच्या ओट्यावर बसायचं, आणि शेतात पाणी देताना पाइपात जोर जास्त झाला की पाइप कुठं फुटतो ते तिलाच विचारायचं. ती बरोबर सांगायची, जिथं आधीच झिजलेला असतो तिथं. फुटायच्या आधी पाइप ओरडतो का, असं मी विचारलं की ती म्हणायची, “तुझं बोलणं बराबर हाय बाई. च्या घेती का?”

तरी पुढे पुढे तिनं गोळ्यांना जागा दिली. मिसरीची जुनी डबी घासून, उन्हात वाळवून, तिच्यात सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून भरल्या. मी म्हटलं, पाकिटातच असू दे, नाव दिसतं, तारीख दिसते. तर म्हणाली, पाकीट उघडायला नखं लागतात, माझी नखं शेण-मातीत गेली. सकाळी बुद्धवंदना झाली की डबी उघडायची, एक गोळी जिभेवर, वरून तांब्याभर पाणी. माठ तिचा नेहमी ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पाणी असं गार, की दात कळवळावेत. मला वाटलं, चला, मार्गी लागलं.

पण महिना सरायच्या आत डबी रिकामी व्हायला लागली. सिस्टरनं मला फोन करून विचारलं, मावशी महिन्याआधीच गोळ्या न्यायला येतात, दोन-दोन खातात का? मी घाबरले. दोन खाल्ल्या तर बीपी एकदम खाली यायचं, न्हाणीत पडली तर कुणाला कळणारही नाही. मी रविवारपर्यंत थांबले नाही, शाळा सुटल्यावर तशीच गावाला गेले. ओट्यावर पाहते तर शेजारची बाई पदराच्या टोकाला गोळी बांधून चालली होती.

गोळीही हातउसनी निघाली. ज्याची संपली तो मोठीमायकडून न्यायचा, आपली आली की परत द्यायचा. वाटीभर पिठासारखी. आणि परत येईपर्यंत मोठीमाय बिनगोळीची. मी चिडले. माझं ऐकून घेऊन ती म्हणाली, “बीपी त्यांला बी हाय अन् मला बी हाय. एका दिवसानं मी काय मरते का?” एक दिवस कसला, असे दिवस किती झाले ते तिलाही सांगता येत नव्हतं.

मी तिच्याकडून कबूल करून घेतलं, यापुढे द्यायची नाही. तिनं मान डोलावली. मग हळूच म्हणाली, “बाकीच्या बायाला न्हाई देत. पण एक बाई हाय, तिला मी न्हाई कशी म्हणू?”

ती बाई म्हणजे गोदाकाकू. गावातल्या जुन्या, मोठ्या जमिनीवाल्या घरातली. मोठीमायच्याच वयाची. त्यांच्या शेतात मोठीमायनं उमर घातली, कापूस वेचला, ज्वारी काढली. पाणी प्यायचं तर गोदाकाकू वरून ओतणार, मोठीमाय ओंजळीनं पिणार. पुढे जमाना बदलला, मोठीमायची ओंजळ सुटली, बोलणंचालणं झालं, लग्नाकार्याला बोलावणं झालं. पण गोदाकाकूनं आमच्या वस्तीत कधी घोट घेतला नव्हता. आल्या तरी उभ्या-उभ्या. चहा म्हटलं की उपास, पाणी म्हटलं की आत्ताच पिऊन आले.

त्यांची पोरं संभाजीनगरला. गोळ्या खाजगी डॉक्टरच्या, पोरं आणून द्यायची. येतो येतो म्हणत त्यांना उशीर व्हायचा आणि गोळ्या संपून जायच्या. स्वतःच्या पोराला पुन्हा फोन करायची त्या बाईला लाज वाटायची. अशाच एका दिवशी डोकं गरगरायला लागलं म्हणून त्या मागच्या वाटेनं मोठीमायकडे आल्या. मोठीमायनं डबी पुढे केली. गोदाकाकूनं गोळी जिभेवर ठेवली. आणि कोरडी गोळी कशी गिळणार?

“माझ्या माठातलं पाणी पेली, बाई,” मोठीमाय मला सांगत होती. “सगळा तांब्या पेली. ओठाला लावून.” हे सांगताना तिचा चेहरा असा होता, की माझ्या पदवीच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. त्यानंतर गोदाकाकू बऱ्याचदा आल्या. बसायला लागल्या. गोळी, पाणी, घटकाभर बोलणं. ज्या दिवशी गोदाकाकूला गोळी द्यायची, त्या दिवशी मोठीमाय स्वतःची चुकवायची.

बीपीचं शास्त्र मला येत होतं. या तांब्याचं मोल मला तिच्याइतकंच कळत होतं, कारण मीही त्याच घरातली. पण मला हेही दिसत होतं, की या पाण्यासाठी ती स्वतःचं रक्त आटवून राहिली होती. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर माझ्यात भांडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

गोदाकाकू रीतीला पक्क्या होत्या. घेतलेलं ठेवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पोरानं गोळ्या आणल्या की त्या कागदाच्या पुडीत बांधून मोजून परत करायच्या, वर एखादी जास्त, शीग म्हणून. मोठीमाय पुडी सोडायची आणि डबीत ओतायची. तिच्या गोळ्या पांढऱ्या, गोदाकाकूच्या पांढऱ्या. दोन्ही बीपीच्याच.

एका सकाळी हंडा उचलताना मोठीमाय दारातच कोसळली. आई धावली, भावानं गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरनं नाडी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. ठोके फार हळू पडत होते. त्यांनी विचारलं, कोणत्या गोळ्या घेतात? भावानं मिसरीची डबी पुढे केली. डॉक्टरनं गोळ्या हातावर ओतल्या, उजेडात धरल्या आणि दोन ढीग केले. मी जालन्याहून पोचले तेव्हा ते भावाला समजावत होते, बीपीच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. कुणाची रक्तवाहिन्या सैल करते, कुणाची लघवीवाटे पाणी काढते, कुणाची काळजाचे ठोके हळू करते. ज्याची त्याला मोजून दिलेली असते. या बाईंच्या पोटात दुसऱ्याची गेली आहे, आणि स्वतःची कितीदा चुकली ते त्यांनाच ठाऊक.

मोठीमाय खाटेवरून सगळं ऐकत होती. सलाईनचा हात तसाच ठेवून ती मला म्हणाली, “तिचा दोष न्हाई बाई. तिनं इमानदारीनं परत केली.”

घरी आल्यावर मी डबी धुऊन मिसरीलाच परत दिली. गोळ्या पाकिटात राहिल्या. पाकीट कातरायला कात्री खुंटीला टांगली. मोठीमाय भिंतीला टेकून पाहत होती. थकली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी ओट्यावर भाजी निवडत होते, तेव्हा गोदाकाकू आल्या. मोठीमाय पडली हे त्यांना कळलं होतं, कशानं ते नव्हतं. तब्येत विचारली, मग नेहमीसारखं म्हणाल्या, “सोजर, एक गोळी असंल तर दे गं. पोरगा उद्या येतो म्हणला.”

मोठीमायनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, “न्हाई, काकू.”

तो एक शब्द बाहेर काढणं तिला किती जड गेलं ते मी जवळून पाहिलं. मग ती सावकाश बोलली, “माझी तुम्हाला चालत न्हाई, तुमची मला. तुमच्या गोळीनंच मी पडल्ते. मुद्दाम न्हाई केलं तुम्ही, मला माहीत हाय. उद्या माझ्यासंग दवाखान्यात चला. पोराची वाट पाहू नका, सरकारी गोळी बी चांगली असती. तुमची तुम्ही घ्या.” एवढं बोलून ती भिंतीला धरून उठली, माठातून तांब्या भरला आणि पुढे केला. “बसा. पाणी पिऊन जा.”

गोदाकाकूनं तांब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “आत्ताच पिऊन आले.”

आणि गेल्या.

गोळीबरोबर ते औषध होतं. नुसतं ते आमच्या घरचं पाणी झालं.

मोठीमायनं तांब्या दारातल्या कुंडीत ओतला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “थकले बाई. गोळीनं थकले न्हाई. लोकाईला समजून घेऊन घेऊन थकले.”

पुढची काही वर्षं तिनं गोळी एकदाही चुकवली नाही. बरं वाटलं तरी घेतली, गावाला गेली तरी पदरात पाकीट नेलं. कुणी मागायला आलं की गोळी द्यायची नाही, चपला घालायची आणि त्या बाईला घेऊन उपकेंद्राची वाट धरायची. “गोळी न्हाई भेटणार, मी भेटंन,” असं म्हणायची. वस्तीतल्या कितीतरी बायका तिच्यामागून जाऊन पट्टा बांधून आल्या. गोदाकाकूही गेल्या, सिस्टरनं मला सांगितलं, पण वेगळ्या दिवशी, एकट्या. बाकावर दोघी एकदा शेजारी बसल्या होत्या म्हणे, आणि कापसाच्या भावावर बोलल्या.

पण आधीच्या अर्धवट वर्षांनी आपलं काम केलेलं होतं. मूत्रपिंडं आतून झिजली होती. न ओरडता, त्या पाइपासारखी. डॉक्टरनं तसं सांगितलं तेव्हा मला तिच्या ओट्यावरचे सगळे रविवार आठवले. तिला डायलिसिससाठी जालन्याला न्यायचं, आणायचं, सुई, रांगा, पुन्हा न्यायचं. शेवटी तीच म्हणाली, आता मला घरी राहू दे. पाणीसुद्धा मोजून द्यायचं सांगितलं होतं तिला. जिनं गावाला पाणी पाजलं तिला घोट मोजून.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. गोदाकाकू आल्या, त्या पुढच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. काठी टेकत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. मग त्यांनी मला हाक मारली.

“बाई, पाणी दे गं.”

मी माठातून तांब्या भरून नेला. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “गोळी घ्यायचीय का काकू?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “सकाळीच घेतली. माझी मी.”

त्यांनी तांब्या ओठाला लावला आणि सावकाश, सगळा संपवला. पदरानं तोंड पुसलं.

“सोजरचं पाणी लई गार असायचं,” म्हणाल्या.

फडकं वाळून गेलं होतं. मी ते ओलं केलं, माठाला गुंडाळलं आणि त्यांना दुसरा तांब्या भरून दिला.