मोतीरामचा स्टीलचा ग्लास

सौंसरच्या आमच्या मुलींच्या शाळेत स्टाफरूमच्या कपाटात चिनी मातीचे अकरा कप होते आणि खिडकीत एक स्टीलचा ग्लास. कप आम्हा मास्तरांचे, ग्लास मोतीराम सोमकुवरचा. तो प्रयोगशाळेत शिपाई होता आणि चहाही तोच करायचा. मोतीराम बौद्ध, म्हणून ग्लास वेगळा; त्याच्या हातचा चहा मात्र आम्हाला चालायचा. हे कोणी बोलून दाखवत नसे, आणि नव्या मास्तरालाही सांगावं लागत नसे.

उकळता चहा ग्लासात ओतून, ग्लास मुठीत धरून तो उभ्याउभ्या प्यायचा. आम्हाला मोठी गंमत वाटे. "मोतीराम, हात आहे का लोखंड?" मी विचारायचो आणि स्वतःच हसायचो. बोटांवर फोड दिसायचे, ते ॲसिडचे असतील असं तोही म्हणायचा आणि आम्हीही.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात विज्ञान शिकवायला उर्मिलाबाई आल्या. एकदा त्यांनी चार सारख्या सळया घेतल्या: तांबं, ॲल्युमिनियम, पितळ, लोखंड. चारही टोकं एकाच दिव्याच्या ज्योतीत आणि दुसरी टोकं चौघांच्या हातात. कोण आधी सोडतो ते बघायचं. तांब्याला एकही पोरगी तयार होईना, तेव्हा मोतीरामने ती सळई धरली. माझा तास रिकामा होता, म्हणून मी मागच्या बाकावर पेपर तपासत बसलो होतो.

ॲल्युमिनियम सुटलं. मग पितळ. बऱ्याच वेळाने लोखंडवालीनेही "आई गं" करून सळई टाकली. सगळ्यांत आधी सुटायला हवं होतं ते तांबं, आणि ते मोतीरामच्या हातात तसंच होतं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग चामडी जळाल्याचा वास आला.

बाईंनी सळई ओढून घेतली आणि वर्ग मैदानात पाठवला. दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. मोतीरामला डोळे मिटायला सांगून त्या नळ्या आलटूनपालटून त्याच्या बोटांना लावू लागल्या.

"हे गार हाय ना, बाई?"

ते गरम होतं. सहापैकी चार वेळा तो चुकला. बाई हळूच म्हणाल्या, "मोतीराम, तार तुटली की दिवा लागत नाही ना? तुमच्या बोटांतली तार तुटते आहे. हा कुष्ठरोग असू शकतो. आता त्याच्यावर गोळ्या आहेत, नागपूरला जा."

मोतीराम खाली बसला. "कोनाले सांगू नका जी. कळलं तं मले शाळेतून हाकलून देतीन. घरी दोन पोरी हायेत लग्नाच्या." मग त्याला मी दिसलो. "सर, तुमीबी नका सांगू."

मी मान हलवली. खरं सांगतो, मला दयेच्या आधी भीती वाटली. सकाळीच त्याच्या हातचा चहा प्यालो होतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं. गोळ्या सुरू झाल्यावर याच्यापासून कोणाला धोका नाही, पण बोटांची जाणीव परत येईलच असं नाही, असं त्यांनी सोबत गेलेल्या बाईंना सांगितलं. त्यानंतर पहिल्याच सोमवारी मोतीराम चहा घेऊन स्टाफरूममध्ये आला. उर्मिलाबाईंनी आपला कप त्याच्यापुढे ठेवला. "याचा कान धरून प्या. उद्यापासून हाच तुमचा." आणि त्याचा स्टीलचा ग्लास पदरात धरून फुंकर मारत त्या प्यायल्या.

बाईंनी जात मोडली, एवढंच सगळ्यांना दिसलं, आणि तेवढ्यावरूनही महिनाभर कुजबुज चालली. तापलेला ग्लास भाजतो हे त्याच्या बोटांना कळत नव्हतं, हे दुसरं कारण आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि ते आम्ही शेवटपर्यंत बाहेर जाऊ दिलं नाही. मोतीराम पुढे नोकरी पुरी करून निवृत्त झाला. पोरींची लग्नं झाली.

बाईंची मात्र त्याच्या कितीतरी आधी, तीनच वर्षांनी बदली झाली. त्या गेल्या त्या दिवशी त्या रोज प्यायच्या तो स्टीलचा ग्लास टेबलावर रिकामा राहिला, आणि मोतीरामने माझ्याकडे पाहिलं. मी माझाच कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.