पफ कोण करतं?

गावात कोणालाही विचारा, चांगले पफ कोणाचे, तर उत्तर एकच मिळेल: भट्टीशेठचे. आता या भट्टीशेठनं उभ्या आयुष्यात एक पफ लाटला असेल तर शपथ. पाव त्याचे, बन त्याचे, भट्टीचा ताव नुसत्या तळहातानं ओळखावा तर त्यानंच, हे सगळं कबूल. पण ज्या पफसाठी लोक दुकानाचं दार उघडायच्या आधीच येऊन उभे राहायचे, ते त्याची बायको करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून एकटी तीच. तिला सगळं गाव वहिनी म्हणतं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तेव्हा राबायचं वहिनीनं आणि मिरवायचं शेठनं, असा हा कारभार होता, आणि इतकी वर्षं तो बिनबोभाट चालला होता.

पफचं काम दिसतं तसं सोपं नाही. मळलेल्या मैद्यात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, गार होऊ द्यायची, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. मध्येच लोणी वितळलं की पदर एकमेकांना चिकटले, आणि पदर चिकटले की पफ कामातून गेला. म्हणून ही खोली भट्टीपासून लांब, मागच्या अंगाला, ऊन न येणारी. तिथं एक दगडी ओटा, एक खिडकी आणि कोपऱ्यात टेकवलेलं हातभर लांबीचं लाटणं. थंडीच्या दिवसांत शेठ भट्टीपुढे बनियनवर घाम पुसत असायचा आणि वहिनी मागे दात वाजवत लाटत असायची. गिऱ्हाइकाला दुकानातून ती खोली दिसायचीच नाही.

गेली दोनेक वर्षं तिचं उजवं मनगट दुखत होतं. लाटणं दाबलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. पट्टी बांधून ती काम रेटत होती, पण पदर आता एका बाजूला जाड पडायला लागले होते. तिला ते कळत होतं. न कळायला काय झालं, स्वतःच्याच हातचं होतं. कोणी सरळ म्हटलं असतं, "बाई गं, खूप केलंस, पुरे आता," तर तिनं त्याच दिवशी लाटणं खाली ठेवलं असतं. पण तसं म्हणायला हवं ना कोणी.

आणि एक दिवस शेठ म्हणाला, "चल, चार दिवस गाडी घेऊन भटकून येऊ."

वहिनीला आधी वाटलं, याला ताप भरलाय. बेकरीवाल्यांना कसली आलीय सहल. पीठ काही म्हणत नाही, की बाबांनो जा, मी परवा फुगतो. "भट्टीकडे कोण बघणार?" तिनं विचारलं. "पोरगा आहे, सूनबाई आहे. तू चल तर," शेठ म्हणाला. सूनबाई गालातल्या गालात हसली. तेव्हा वहिनीनंही मनावर घेतलं आणि नव्या चपला आणल्या. उन्हं डोक्यावर आली तरी अंथरुणात लोळायचं, एवढीच तिची हौस होती.

गाडी म्हणजे बेकरीचीच, पाव पोचवायची. मागे रिकामे ट्रे खडखडतायत, पुढे ही दोघं. पहिलं गाव लागलं आणि शेठनं गाडी उभी केली ती नेमकी बेकरीपुढे.

"अहो, जन्म बेकरीत गेला. फिरायला निघालो तर पुन्हा बेकरीच?"

"चहा मिळेल गं."

चहा नव्हताच तिथं. शेठनं दोन पफ घेतले आणि एक कानाशी नेऊन मोडला. चांगला पफ मोडताना वाळक्या पानावर पाय पडावा तसा वाजतो. हा वाजलाच नाही. वहिनीनं तुकडा तोंडात टाकला आणि टाळूला मेणासारखा थर बसला. "कसा आहे?" शेठनं विचारलं. "कसा असणार? लोण्याचा वाससुद्धा नाही याला," वहिनी म्हणाली, आणि गल्ल्यावरच्या माणसाकडे वळली. "डब्यातली कसली तरी चरबी घालता आणि वर लिहिता 'शुद्ध लोणी'. काही वाटतं का मनाला?" तो म्हणाला, "मावशी, आवडला नाही तर ठेवा खाली." शेठ मात्र अगदी थंडपणे विचारत होता, "पफ कोण करतं?" मेव्हणा करतो, गल्ल्यावरचा म्हणाला. शेठ मागच्या खोलीत डोकावून आला आणि मान हलवत गाडीत बसला. वहिनीला वाटलं, धंद्यातला माणूस आहे, खोड जाते थोडीच.

दुसऱ्या दिवशीही तेच. रस्त्याला एक तळं लागलं, माणसं काठावर मजेत बसली होती, तिथं गाडी थांबली नाही. पुढच्या बेकरीपुढे बरोबर थांबली. इथले पफ खाण्याजोगे होते. "कसा आहे?" शेठनं विचारलं. "घडी बरी पडलीय, भाजताना घाई केलीय," वहिनी म्हणाली. शेठनं करणाऱ्याची चौकशी केली आणि थेट मागे गेला. हात तेलकट झाले होते म्हणून ती पाणी शोधत त्याच्या मागून गेली आणि दारातच थबकली. आत एका आडदांड माणसाच्या तळहातावर शेठनं लिंबाएवढा लोण्याचा गोळा ठेवला होता आणि तो त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. डोळे मात्र त्या पाघळत चाललेल्या गोळ्यावर होते.

तो गोळा वहिनीच्या ओळखीचा होता. सासू तिला बघायला आली होती, तेव्हा तिनं पिशवीतून लोण्याची वाटी काढली होती आणि असाच गोळा मुलीच्या हातावर ठेवला होता. यांच्याकडची रीत असेल, असं सगळ्यांना वाटलं. मग सासूनं सावकाश सगळं विचारलं, भावंडं किती, शिक्षण किती, आवड कसली. गोळा तसाच्या तसा राहिला, आणि सासूनं बसल्या जागी होकार दिला. वहिनीला वाटत होतं, आपलं बोलणं आवडलं असणार. पुढे कधीतरी सासू सहज बोलून गेली, "पफसाठी मला गार हाताची सून हवी होती." वहिनी तेव्हा हसली होती. नव्या सुनेनं दुसरं करायचं तरी काय.

आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहल म्हणे. हा माणूस तिच्या ओट्यापुढे उभं करायला कोणीतरी शोधत हिंडत होता, आणि तेही तिलाच शेजारी बसवून, तिच्याच जिभेकडून पारख करून घेत. पोरगा आणि सूनबाई या कटात सामील होती, हेही तिला आता उमगलं. सूनबाई हसली होती ती उगाच नाही.

"गप्प का?" शेठनं गाडीत विचारलं.

"पित्त झालंय."

तिनं ठरवलं, आपण विचारायचं नाही. तोंड आहे त्याला, बोलेल. पण शेठ ताकास तूर लागू देईल तर ना. तो रस्त्याकडे बघत गाडी हाकत राहिला. तिच्या जागी दुसरं कोणी येणार याचा तिला राग नव्हता. मनगट साथ देत नव्हतं, कोणीतरी येणारच होतं. राग होता तो वेगळाच. उद्या नवा माणूस येईल, गपचूप मागच्या खोलीत उभा राहील, आणि गावात कोणाला पत्ताही लागणार नाही. पफ काल शेठचे होते, उद्याही शेठचेच. मग मध्ये ती इतकी वर्षं तिथं उभी होती ती कशाला, आणि कोणासाठी?

तिसऱ्या गावातल्या बेकरीवर ही भली मोठी पाटी होती, 'घरगुती चव'. आतले पफ एकसारखे, एका साच्यातून काढल्यासारखे. शेठनं आपला ठरलेला प्रश्न विचारल्यावर गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "कोणी नाही करत. गोठवलेले येतात, ट्रकनं. आम्ही नुसते भाजतो."

"ऐकलंत?" वहिनी नवऱ्याला म्हणाली. "किती सोपं आहे. आपणही ट्रकच आणून लावू ओट्याला. त्याचं मनगट दुखायचं नाही."

शेठनं चमकून तिच्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि गाडीकडे चालू लागला.

परतीच्या वाटेवर, दोन रस्ते फुटतात तिथं, एक लहानशी बेकरी होती. इथं गाडीची काच खाली असतानाच लोण्याचा वास आला. शेठनं पफ मोडला, तो वाजला. वहिनीनं खाल्ला. पदर सुटे, आतला थरसुद्धा कोरडा, वर रंग सगळीकडे सारखा. तिच्या गेल्या दोन वर्षांच्या पफहून तो चांगला होता, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. नवऱ्याशी तिला हवं तेवढं खोटं बोलता आलं असतं, पण पफबद्दल ते जमेना.

करणारी मागून बाहेर आली. तिशीची बाई, कोपरापर्यंत मैदा. शेठनं कौतुक केलं, खिशातून लोण्याची डबी काढली आणि म्हणाला, "जरा हात पुढे कर बरं, एक गंमत दाखवतो."

"काका, गंमत काय ते आधी सांगा. मग हात पुढे करते."

शेठ गडबडला. "त्याचं असं आहे, आमची मोठी बेकरी आहे. पफला माणूस हवंय. राहायला खोली देऊ, सगळं नीट बघू."

"मग आतापर्यंत कोण करत होतं?"

"होतं आपलं," शेठ म्हणाला. "घरचंच कोणीतरी."

झालं. वहिनीनं हातातला पफ बशीत ठेवला.

"कोणीतरी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेठ दोन पावलं मागे सरकला. "मी कोणीतरी काय? तुमचं लेकरू पाळण्यात रडत होतं तेव्हा मी ओट्यापुढे उभी होते. माझी आई गेली त्या दिवशीसुद्धा तुम्ही म्हणालात, मळलेलं वाया जाईल, तेवढं लाटून निघ. मी लाटून निघाले. आणि आज या पोरीला सांगता, होतं कोणीतरी? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ बघितले हो, पण तुमच्यासारखा नाही."

शेठ डबी खिशात कोंबायला लागला. मग हळूच म्हणाला, "तुझा हात दुखतो. झोपेत कण्हतेस. मला ऐकू येतं. सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"सांगून बघितलंत?"

"नाही."

"गावोगाव विचारत सुटलात, पफ कोण करतं, पफ कोण करतं. आपल्या दुकानात कोणी हे विचारलं तर तुम्ही काय सांगता?"

शेठ काही सांगतच नसे. लोक 'शेठचे पफ' म्हणत आणि तो हसून पुडा बांधून देई. खोटं बोलायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

ती तरुण बाई इतका वेळ हात पुसत उभी होती. "काका, मी काही येणार नाही," ती म्हणाली. "बेकरी माझी आणि भावाची आहे. बाहेर पाटीवर दोघांची नावं आहेत."

वहिनी बाहेर जाऊन पाटी बघून आली. खरंच दोन नावं होती, आणि बहिणीचं आधी. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. ते रागानं भरले होते, नवऱ्यावरच्या आणि त्याहून जास्त स्वतःवरच्या. ती इतकी वर्षं गप्प बसली होती, तेही तिनंच केलं होतं. त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "छान करतेस गं. अशीच कर." आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी गावच्या रस्त्याला लागली. मग शेठनं विचारलं, "आता कसं करायचं?"

"पफ बंद."

"बंद? अगं, गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"विचारेल. तुम्ही सांगायचं. ज्या दिवशी गावात सगळ्यांना कळेल ते कोण करत होतं, त्या दिवशी मी स्वतः माणूस शोधीन आणि स्वतः शिकवीन. तोवर ओट्याला कोणी हात लावायचा नाही."

"आणि हे सांगायचं मी?"

"मग काय मी सांगू? मला कोण ओळखतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या खोलीत गेली नाही. मनगटाला पट्टी बांधून ती दुकानात गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसली. पोरगा बघतच राहिला. सूनबाई भट्टीकडे जी गेली ती बाहेर आली नाही. रोजचे म्हातारे मास्तर पहिले आले.

"शेठ, चार पफ."

"आज नाहीत."

"उद्या?"

"उद्याही नाहीत. बंद केलेत." शेठ स्वच्छ काउंटर फडक्यानं पुन्हा पुसायला लागला. वहिनी त्याच्याकडे बघत होती. "त्याचं काय आहे मास्तर, पफ ही करायची. तिचं मनगट गेलंय."

"ही म्हणजे? वहिनी?" मास्तर वळून तिच्याकडे बघायला लागले. "मी आजवर तुम्हालाच शाबासकी देत आलो की."

"घेतली मी," शेठ म्हणाला. "चुकलंच. पहिल्यापासून सगळे पफ तिचेच."

मास्तरांनी वहिनीला हात जोडले आणि नुसते पाव घेऊन ते गेले. तोवर मागे चारपाच जणं येऊन उभी होती. पुढच्या बाईनं पफ मागितले, तसा शेठ काउंटरवर वाकून तिच्याशी कुजबुजायला लागला.

"मोठ्यानं सांगा," वहिनी म्हणाली. "मागच्यांना ऐकू जात नाहीये."