वाजंत्रीचा पैसा

रखमाजी फौजीच्या रागाला अख्खं गाव ओळखून होतं. एकाहत्तरच्या लढाईत त्याची दोन बोटं गेली, राग मात्र शाबूत परत आला. पंधरा ऑगस्टला झेंडा त्याच्या हातून चढायचा, बाकी वर्षभर त्याला कुणी विचारत नसे.

नव्याण्णवला कारगिल पेटलं आणि त्याचा मुलगा मच्छिंद्र तिथंच होता. गावानं काय घोषणा दिल्या! शत्रूचा पुतळा जाळला, वर ग्रामसभेत हात उंच करून ठरवलं, की यंदा पोळ्याला बँड नाही, गुलाल नाही, तो पैसा जखमी जवानांना. गोळा करायचं काम रखमाजीवर टाकलं. हात वर करायला काय जातं?

मच्छिंद्र वाचला, पण पाय गुडघ्यातून गेला. रखमाजी घरोघर फिरला. कुणी म्हणालं लढाई संपली, कुणी म्हणालं सरकार बघून घेईल. नुसती बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

पोळ्याला वेशीत बँड वाजलाच. तो आणला होता भुजंगरावानं, कारण तोरण तोडायचा मान त्याच्या बैलांचा. रखमाजी तोरणाखाली आडवा झाला. आधी जवानांचा पैसा, मंग बैल, एवढंच त्याचं म्हणणं.

भुजंगराव हसला. "तुह्या पोराला पगार भेटतो ना? मंग त्याच्या पायाचा खर्चा आमी काहून करावा?"

रखमाजीनं त्याच्याच हातची काठी हिसकली आणि तोंडावर घातली. दोन दात झुलीवर सांडले. पुढच्या घावात भुजंगरावाचं मनगट मोडलं. मग गाव तुटून पडलं. जुलैत ज्यांनी घसा फाडून जवानांचा जयजयकार केला, त्यांनीच त्याला लाथांनी तुडवला, कानशिलावर दगड घातला. बैल बिथरले, एकाचा खूर त्याच्या बरगड्यांवर पडला. लाज कशी वाटली नाही एकालाही!

घनसावंगीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. बायको गोजरबाई उशाशी होती. तिनं दबकत सांगितलं, की त्याच्यावर केस करायला गावानं वकील लावलाय, आणि वकिलासाठी घरटी शंभर रुपये एका दुपारीत जमले.

 रखमाजीच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. मग बांधलेल्या जबड्यातून कसाबसा बोलला,

"पैसा व्हता म्हंजी गावात. मच्छिंद्रला सांगू नको."